नर्सिंगचे ग्रुप प्रोजेक्ट : वाटणी कुठे चुकते?

निळीपट्टी

बी.एस्सी. नर्सिंगचं सातवं सेमिस्टर म्हणजे रिसर्चचा ग्रुप प्रोजेक्ट, कम्युनिटीचं पोस्टिंग आणि मिडवायफरीच्या (बाळंतपणाच्या) केसेस, सगळं एकदम. मध्येच एखादा आरोग्यदिन आला की प्रदर्शन आणि पथनाट्यही त्याच मुलींच्या गळ्यात. या दिवसांत जिथे तिथे एकच गाऱ्हाणं ऐकू येतं: गट आठ जणींचा, राबल्या दोघी, मार्क सगळ्यांना सारखे.

गाऱ्हाणं खरं आहे, आणि "सांभाळून घ्या" हे त्यावरचं उत्तर नाही. पण बहुतेक गटांचं पहिल्याच दिवशी बिनसतं, वाटणी करताना. "तू इंट्रोडक्शन, तू रिव्ह्यू, तू मेथडॉलॉजी, तू ॲनालिसिस, तू पीपीटी" ही वाटणी वरवर न्यायाची वाटते. प्रत्यक्षात ही प्रकरणं एकमेकांत गुंतलेली असतात. उद्दिष्टं पक्की नसताना रिव्ह्यूला (आधी झालेले अभ्यास वाचायला) बसलेली मुलगी विषयाशी जेमतेम नातं असलेले अभ्यास गोळा करत राहते. टूल, म्हणजे प्रश्नावली, करणारीने उद्दिष्टं नीट वाचलेली नसतात, त्यामुळे एखाद्या उद्दिष्टावर टूलमध्ये एकही प्रश्न सापडत नाही. ॲनालिसिस जिच्या वाट्याला येतं तिच्यावर बाकी सातजणींचा उशीर येऊन आदळतो. सबमिशनच्या आठवड्यात जी हॉस्टेलवर असते आणि जिच्याकडे लॅपटॉप असतो, ती सगळं उरकते. "दोघींनीच केलं" याचा उगम बऱ्याचदा हा असतो.

म्हणून काम प्रकरणांनी न वाटता टप्प्यांनी वाटावं. विषय, उद्दिष्टं आणि ऑपरेशनल डेफिनिशन (या अभ्यासात कोणत्या शब्दाचा नेमका अर्थ काय) यांना आठही जणींनी एकत्र बसायचं, तिथे वाटणी नाहीच. त्यानंतर जोड्या: एक रिव्ह्यूला, एक टूलला, एक परवानग्या आणि संमतिपत्रांना, एक शिकवायचा पाठ आणि साहित्याला. डेटा गोळा करायला पुन्हा सगळ्या. प्रत्येक कामाला करणारी एक आणि तपासणारी दुसरी, दोघींची नावं तारखेसकट वहीत. तपासणारीने सही केली नाही तर काम झालं असं धरायचं नाही.

रिव्ह्यूच्या जोडीसाठी एक सूचना. प्रत्येक अभ्यासाची एक पट्टी करा: लेखक, वर्ष, ठिकाण, नमुना किती (म्हणजे किती जणांवर अभ्यास), टूल कोणतं, निष्कर्ष काय, हे सगळं पाच ओळींत आणि आपल्या शब्दांत. शोधगंगेवरून (प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावरून) सारांश जसाच्या तसा उचलला की तो प्लेजियरिझमच्या (उचलेगिरीच्या) तपासणीत सापडतो आणि मग आठही जणींची फाइल परत येते.

परवानग्यांची जोडी मात्र पहिल्या दिवसापासून कामाला लागली पाहिजे. एथिक्स कमिटी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, ग्रामपंचायत, आणि अंगणवाडीत बसायचं असेल तर बालविकास प्रकल्प अधिकारी. यातली एक सही राहिली की अख्खा गट थांबतो.

बाकीच्यांनी आपापल्या भागातलं लिहावं. सर्व्हे, आकडे, मार्क, काहीही.

---

आकडेमोड

चांगला धागा. आकड्यांच्या बाजूने भर घालतो, कारण गटातली सगळ्यांत मोठी भांडणं शेवटच्या आठवड्यात एक्सेलसमोर होतात आणि त्यांचं मूळ दोन महिने आधी असतं.

नर्सिंगच्या गटांत नेहमीचा आराखडा असतो एकाच गटाची प्री-टेस्ट, मग शिकवणं, मग पोस्ट-टेस्ट. समजा नमुना ६० गरोदर माता, विषय लोहाच्या गोळ्या. यात पेअर्ड टी-टेस्ट (आधीच्या आणि नंतरच्या सरासरीतला फरक खरा आहे का ते बघणारी चाचणी) लावतात. पेअर्ड म्हणजे त्याच बाईचा आधीचा आणि नंतरचा गुण शेजारी शेजारी हवा. गट काय करतो? प्री-टेस्ट चौघी घेतात, पोस्ट-टेस्ट दुसऱ्या चौघी. गोपनीयतेसाठी फॉर्मवर नाव नाही, कोड टाकायचं कोणाला सुचत नाही. हातात ६० आणि ६० फॉर्म, पण कोणता कोणाचा ते कळायला मार्ग नाही. इथे पेअर्ड टी बसत नाही आणि अनपेअर्ड लावणंही चूक, कारण माणसं तीच आहेत. मग गुण "जुळवून" टाकण्याचा मोह होतो. ते खोटं काम आहे आणि त्याला कोणताही उपाय नाही.

टाळायचं कसं: फॉर्मच्या उजव्या कोपऱ्यात कोड, उदाहरणार्थ अं-१४. नाव आणि कोड यांची यादी वेगळ्या वहीत, वही एकीच्याच ताब्यात, फॉर्मसोबत कधीच ठेवायची नाही. पोस्ट-टेस्टला निघताना कोड आधी लिहिलेले फॉर्म न्यायचे.

मास्टर शीटचा (सगळ्यांची उत्तरं एकत्र भरायच्या तक्त्याचा) नियम साधा आहे. एक ओळ म्हणजे एक व्यक्ती, एक रकाना म्हणजे एक प्रश्न. बरोबर १, चूक ०. इथे नेहमी होणारी चूक: उत्तर दिलंच नाही त्याला कोणीतरी ९ टाकतं आणि बेरजेचं सूत्र तो ९ गुणांत धरतं. ३० प्रश्नांच्या टूलमध्ये एखादीचे ३४ गुण आले की समजावं कुठेतरी ९ मिसळलाय. पण अशा नोंदीची बेरीज २५ वर थांबली तर चूक दिसतही नाही. न दिलेलं उत्तर ० धरायचं की रिकामं ठेवायचं, ते भरायला बसण्याआधी ठरवा आणि मेथडॉलॉजीत लिहा. वयाच्या रकान्यात "२३ वर्षे" लिहू नका, नुसता आकडा. शब्द घातला की तो मजकूर होतो आणि सरासरी निघत नाही.

एकीने वाचायचं, दुसरीने भरायचं. भरून झालं की तिसरीने दर दहावा फॉर्म काढून ताडून बघायचा. दहाव्या फॉर्मात चूक सापडली तर पुढचे-मागचे सगळे तपासा.

---

स्टाफरूम

मूळ धाग्याशी बराचसा सहमत, पण एका मुद्द्यावर नाही. वाटणी कितीही चांगली केली तरी काम टाळणारी टाळतेच, आणि तिला पकडायची व्यवस्था शिक्षकांनी करायला हवी. ती जबाबदारी मुलींवर टाकली की गटात वैर तयार होतं.

मार्क देण्याची पद्धत बदलता येते. गटाच्या अहवालाला अर्धे मार्क, व्हायवाला (तोंडी परीक्षेला) अर्धे, आणि व्हायवात प्रत्येकीला तिने न केलेल्या भागावर प्रश्न. रिव्ह्यू करणारीला विचारा, रिलायबिलिटी (टूल भरवशाचं आहे का ते) कशी काढली? टूल करणारीला विचारा, नमुना निवडताना कोणाला वगळलं आणि का? हे आधीच जाहीर केलं तर गट आपणहून एकमेकींना शिकवतो. परीक्षेत एक्स्टर्नल (बाहेरचे परीक्षक) हेच विचारणार असतात, त्यामुळे मुलींचंही भलंच होतं.

दुसरं, गाइडने (मार्गदर्शक शिक्षिकेने) दर आठवड्याला वहीवर सही करावी. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, कोण हजर, काय झालं, पुढचं काम कोणाकडे. दोन आठवडे एकीचं नाव कुठेच नसेल तर तिथेच बोलवून विचारता येतं. सबमिशनच्या आदल्या दिवशी आलेल्या तक्रारीचं कोणतीच शिक्षिका काही करू शकत नाही.

आणि बोलावून विचारताना कारण ऐकून घ्या. नाइट ड्युटी उतरून आलेली मुलगी अकराच्या मीटिंगला झोपलेली असते, तिला कामचुकार म्हणणं अन्याय आहे. प्रॅक्टिकलची हजेरी शंभर टक्के भरून द्यावी लागते, ती बुडवून प्रोजेक्टला येणं तिला परवडत नाही. रोटेशन प्लॅन नोटीस बोर्डावर लागलेला असतो. वाटणीच्या दिवशी तो शेजारी ठेवा आणि जिची नाइट ज्या आठवड्यात, त्या आठवड्यात तिला फील्डवर धरू नका. तिला घरी बसून करता येणारं द्या: संदर्भांची व्हॅन्कुव्हर पद्धतीने (क्रमांक देऊन) मांडणी, तक्त्यांचे मथळे, फ्लॅश कार्डांवरचा मजकूर.

---

पाड्यावरची

कम्युनिटी सर्व्हेबद्दल लिहिते. रिसर्चपेक्षा तिथे गट जास्त फुटतात, कारण उन्हातान्हात पायी फिरायचं असतं.

घरं वाटताना "प्रत्येकीने दहा" असं करू नका. रस्त्याकाठची दहा आणि ओढ्यापलीकडची दहा सारखी नसतात. आधी सगळ्यांनी मिळून गावातून एक फेरी मारायची, आशाताईंना सोबत घ्यायचं, घरांना नंबर द्यायचे आणि स्पॉट मॅप काढायचा: विहीर, हातपंप, अंगणवाडी, उपकेंद्र, उकिरडा, सांडपाण्याची डबकी. मग नकाशावर पट्टे पाडून जोड्यांना वाटायचे. एकटीने घरात जायचं नाही. एक विचारते, एक लिहिते. पुढच्या दिवशी भूमिका बदलायच्या.

ज्यांना मराठी येत नाही, त्यांच्यावरून बरीच धुसफूस असते. केरळकडच्या किंवा उत्तरेकडच्या मुली गटात असल्या की "त्या काय कामाच्या" असं बोललं जातं. हे चूक आहे. दंडाचा घेर, वजन, उंची, बीपी ही मापं त्यांच्याकडे द्या, आणि मापं घेणारा हात शक्यतो एकच ठेवा. त्याने डेटाही सुधारतो. दंडाचा घेर डाव्या हाताचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला, पट्टी त्वचेला टेकलेली पण दाबलेली नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत ११.५ सेंमीच्या खाली गेलं की तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये मध्यम. एकीने पट्टी आवळून धरली आणि दुसरीने सैल, तर एवढ्याशा फरकाने मूल एका गटातून दुसऱ्या गटात जातं. मग अंगणवाडी सेविकेची नोंद एक आणि तुमची दुसरी, आणि बैठकीत मान खाली घालायची वेळ येते.

साहलीने (रंग जुळवून मोजायच्या उपकरणाने) हिमोग्लोबिन बघणार असाल तरी तेच. ट्यूबमध्ये एनबायटेन (N/10) हायड्रोक्लोरिक ॲसिड २ च्या खुणेपर्यंत, पिपेटमध्ये २० च्या खुणेपर्यंत रक्त, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत रंग जुळवायचा. रंग जुळला की नाही हे डोळ्यांवर असल्यामुळे दोन मुलींची दोन रीडिंगं येतात. जुळवणारी एकच ठेवा, उजेडाकडे तोंड करून. आणि रक्त घेण्याची परवानगी व संमती प्रश्नावलीच्या संमतीत आपोआप येत नाही, ती स्पष्ट लिहून घ्यावी लागते.

संध्याकाळी परत आल्यावर बसमध्येच किंवा उपकेंद्राच्या ओट्यावर अर्धा तास बसून त्या दिवसाचे फॉर्म जोड्यांनी अदलाबदल करून तपासा. राहिलेला रकाना त्याच दिवशी आठवतो. आठवड्याने "ह्या घरात पाच वर्षांखालची मुलं दोन की तीन" याचा तपास लागत नाही, मग कोणीतरी अंदाजाने भरतं.

फॅमिली फोल्डरचे (प्रत्येक कुटुंबाच्या माहितीच्या फाइलचे) फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवय सगळीकडे बोकाळली आहे. त्यात नावं असतात, आजार असतात, क्षयरोग असतो, कुटुंबनियोजनाची माहिती असते. एकीचा मोबाईल भाऊ बघतो, दुसरीचा नवरा. फोटो नकोच. कागदच द्या-घ्या.

---

आकडेमोड

@पाड्यावरची, बीपीबद्दल एक पुस्ती. गाइडला बनावट डेटा ओळखू येतो तो असाच: सगळी रीडिंगं गोल, १२०/८०, १३०/९०, ११०/७०. कुठेही रिकामा रकाना नाही, साठही फॉर्म एकाच पेनाने. खऱ्या फील्डवरच्या फॉर्मांवर खाडाखोड असते, एखादीने मध्येच "नको" म्हटलेलं असतं. ते लपवू नका, "इतक्या जणींनी नकार दिला" असं लिहिणं हा अहवालाचाच भाग आहे.

---

कार्डशीट

पैशांबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. कार्डशीट, मार्कर, थर्माकोल, फ्लॅनेल, टूलच्या झेरॉक्स, बाइंडिंग, गावात जायचं भाडं. "सगळ्यांनी सारखे काढा" म्हटलं की शिष्यवृत्ती अजून न आलेली मुलगी गप्प बसते आणि पुढच्या मीटिंगला येत नाही. मग तिलाच टाळाटाळ करणारी म्हणतात. खर्चाचा अंदाज आधी काढा, बिलं एका पाकिटात ठेवा, आणि जिला आत्ता जमत नाही तिचं नंतर घेऊ असं एकीने तिला खाजगीत सांगा. सगळ्यांसमोर नको.

खर्च कमीही करता येतो. टूलच्या झेरॉक्स पायलट (थोड्या जणींवर आधी करून बघणं) संपल्याशिवाय काढू नका. पायलटनंतर प्रश्न बदलतात आणि आधी काढलेले गठ्ठे रद्दीत जातात. अंगणवाडीत १५ बायकांसमोर बोलायला भव्य मॉडेल लागत नाही. दहा-बारा फ्लॅश कार्डं, पुढे चित्र, मागे बोलणारीसाठी मजकूर, एवढं पुरे. ओआरएस शिकवायचं असेल तर खरं पातेलं, एक लिटरचं माप आणि पाकीट न्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. गटातल्या तिघी बोलणार असतील तर तिघींचं माप एकच असलं पाहिजे. एकीने "चिमूटभर मीठ" म्हटलं आणि दुसरीने "अर्धा चमचा", तर त्या बायका काय लक्षात ठेवणार?

---

निळीपट्टी

@कार्डशीट, पैशांचा मुद्दा माझ्या पहिल्या प्रतिसादात असायला हवा होता, बरं झालं लिहिलंत.

@स्टाफरूम मॅडम, मुलींनी एकमेकींना गुपचूप मार्क द्यायचे, या पद्धतीबद्दल काय वाटतं? काही ठिकाणी करतात.

---

स्टाफरूम

नुसती तशीच ठेवली तर मी विरोधात आहे. हॉस्टेलच्या खोल्या, गाव, भाषा, जात यांवरून मार्क पडतात. सगळ्यात शांत मुलीला कमी मिळतात, मग तिने साठपैकी वीस फॉर्म भरलेले का असेनात. करायचंच असेल तर "सहकार्य कसं होतं" असले मोघम निकष नकोत. जे मोजता येतं ते विचारा: ठरलेल्या तारखेला काम दिलं का? तपासणीची सही केली का? फील्डच्या किती दिवशी हजर होती? ही उत्तरं वहीशी ताडता येतात.

---

पाड्यावरची

सहमत. आणि टूल मराठीत करण्याबद्दल कोणीतरी लिहा, तिथे दरवर्षी तीच चूक होते.

---

आकडेमोड

लिहितो. टूल इंग्रजीत तयार होतं, तज्ज्ञ इंग्रजी टूलच तपासतात, रिलायबिलिटीही इंग्रजी येणाऱ्या विद्यार्थिनींवर काढली जाते. मग कोणीतरी रात्रीत त्याचं मराठी करतं आणि गावात तेच वापरलं जातं. म्हणजे ज्या टूलची रिलायबिलिटी अहवालात छापली, ते वापरलेलंच नाही. बरोबर क्रम असा: तज्ज्ञांच्या सूचना घ्या, मराठी करा, दुसऱ्या व्यक्तीकडून ते परत इंग्रजीत करून घेऊन मूळ प्रश्नाशी ताडा, मग मराठी टूलवरच रिलायबिलिटी. उत्तर बरोबर-चूक असेल तर केआर-२०, मतांची पाचपायरी मोजपट्टी असेल तर क्रॉनबॅक अल्फा, ही रिलायबिलिटी मोजायची सूत्रं. ०.७ च्या वर असलं की साधारण चालतं. पायलट नमुन्याच्या दहा टक्क्यांवर करतात, म्हणजे ६० असतील तर ६. पण सहा जणींवर रिलायबिलिटी काढण्यात अर्थ नाही, त्यासाठी वेगळ्या पंधरा-वीस जणी घ्या. पायलटमधल्या बायका मुख्य अभ्यासात घ्यायच्या नाहीत.

मराठी म्हणजे पुस्तकी मराठीही नको. "रक्तक्षय" म्हटल्यावर बऱ्याच जणी गप्प बसतात, "अंगात रक्त कमी" म्हटलं की बोलतात. हे शब्द आठही मुलींनी एकदा बसून ठरवायचे. नाहीतर एक विचारते "गोळी कशासोबत घेऊ नये?" आणि दुसरी विचारते "चहासोबत घेऊ नये ना?" दुसरीच्या फॉर्मांवर प्री-टेस्टचे गुण भरमसाट येतात आणि शिकवण्याचा परिणाम शून्य दिसतो.

---

ओपीडी_नंबर_३

दोन प्रश्न. पोस्ट-टेस्टला ६० पैकी ५४च आल्या तर काय? आणि कायस्क्वेअर (दोन गोष्टींचा संबंध आहे का ते बघणारी चाचणी) लावताना आमच्या गाइड म्हणतात सेल (तक्त्यातले चौकोन) रिकामे आहेत, चालणार नाही. म्हणजे नेमकं काय करायचं?

---

आकडेमोड

पहिलं: उरलेल्या सहा जणींचे प्री-टेस्ट गुण तुलनेतून काढा. प्री-टेस्टची सरासरी ६० वर आणि पोस्टची ५४ वर अशी सरमिसळ करू नका, दोन्ही त्याच ५४ वर. मग डिग्री ऑफ फ्रीडम (तक्ता बघायला लागणारा आकडा, इथे जोड्यांच्या संख्येतून एक वजा) ५३. साठही असते तर ५९. दोन्ही ठिकाणी ०.०५ च्या पातळीवर तक्त्यातली किंमत (टी याहून मोठा आला तरच फरक खरा धरतात) साधारण २.०० च आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. सहा जणी का गळाल्या ते मात्र लिहा: माहेरी गेल्या, बाळंत झाल्या, शेतावर होत्या. गरोदर मातांच्या अभ्यासात प्री आणि पोस्टमध्ये सात दिवस ठेवले तर गळती कमी होते, महिना ठेवला तर वाढते. ज्यांची तारीख जवळ आली आहे त्यांना निवडीतच वगळण्याचा निकष लावता येतो.

दुसरं: वयाचे चार गट आणि ज्ञानाच्या तीन पातळ्या केल्या की बारा सेल होतात. ६० बायका बाराने भागल्या तर सेलमागे सरासरी पाच. लोकं सारखी पसरत नाहीत, म्हणून बऱ्याच सेलमध्ये अपेक्षित संख्या (वय आणि ज्ञानाचा संबंध नसता तर जितक्या जणी आल्या असत्या) पाचच्या खाली जाते आणि कायस्क्वेअरवर भरवसा ठेवता येत नाही. वयाचे दोन गट करा, ज्ञान मध्यकाच्या वर आणि खाली असं दोनात विभागा. चार सेल होतील, डिग्री ऑफ फ्रीडम १, तक्त्यातली किंमत ३.८४. तरीही एखाद्या सेलची अपेक्षित संख्या पाचच्या खाली राहिली तर फिशर एक्झॅक्ट (लहान संख्यांसाठीची चाचणी). गट मात्र आकडे बघून पाडू नका, उत्तर आवडलं नाही म्हणून सीमारेषा २५ वरून २३ वर सरकवायची नाही. त्या आधीच ठरवा आणि ॲनालिसिसच्या आराखड्यात लिहून गाइडची सही घ्या.

---

ओपीडी_नंबर_३

धन्यवाद दादा. आमच्या फॉर्मांवर कोड आहेत, तेवढ्याने वाचलो. सीमारेषांचा कागद उद्याच गाइड मॅडमना दाखवते.